मल्लूमामाची सही

आमच्या वेळी दवाखान्यात एक माणूस दाखल झाला की त्याच्या मागोमाग निम्मं गाव यायचं. डबे, वळकट्या, पाण्याच्या कळश्या, कडेवर पोरं. व्हरांड्यात चूल मांडायची तेवढी बाकी असायची. पण ऑपरेशनच्या संमतीचा कागद काढला रे काढला की ही सगळी गर्दी कुठं विरघळायची देव जाणे! एकाला पान खायची तल्लफ यायची, दुसऱ्याची गाडी सुटायची वेळ व्हायची. उरलाच कोणी तर म्हणायचा, "थोरलं आबा आल्याबिगर कसं करायचं, शिस्टर?" आणि हे थोरले आबा नेमके गारगोटीच्या बाजारात बैल बघायला गेलेले असायचे.

मी कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात सर्जिकल वॉर्डची सिस्टर होते. इंजेक्शन, सलाईन, टाके काढणं ही कामं लोकांना दिसतात. सही मिळवणं हे काम दिसत नाही. डॉक्टर दोन वाक्यांत सांगून पुढच्या कॉटकडं जायचे, मग त्या दोन वाक्यांचा अर्थ नातेवाइकांच्या गळी उतरवायचा तो आम्ही. मोठ्या माणसाचं एक वेळ सोपं, तो स्वतः अंगठा लावतो. घोडं अडायचं ते पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांपाशी. अंग त्याचं, दुखणं त्याचं, लाजही त्याची. सही मात्र आईबापांची. त्यातून दुखणं शरीराच्या अशा जागचं असलं, की जिचं नाव घरात कुणी उच्चारत नाही, मग तर विचारूच नका.

जयसिंगपूरचा एक पोरगा असाच डोक्यात राहिलाय. बापाचं आडतीचं दुकान, पोरगा मॅट्रिकला. वयात येताना काही मुलांची छाती मुलींसारखी वाढते. बहुतेकांची आपोआप ओसरते, याची ओसरली नव्हती. शाळेत पोरं नाही नाही ते बोलायची. भर उन्हाळ्यात हा बाबा अंगात स्वेटर घालून फिरायचा. बापाला सांगितलं तर बाप म्हणाला, "खाणं कमी कर." मग या पठ्ठ्यानं काय करावं? चक्क भाड्यानं बाप आणला!

ओपीडीतून दोघं माझ्यापुढं आले. बाप म्हणून आलेल्या गृहस्थाच्या हातात चाबूक होता. मी विचारलं, "मुलाचं नाव काय?"

"बाळ्या."

"पाळण्यातलं नाव विचारतेय."

"ते पाळण्यालाच ठाऊक."

"बरं, याच्या आईला माहीत आहे का ऑपरेशनचं?"

"आता गं बाई," तो वैतागला. "ह्याच्या आईला मी कुठं वळखतो?"

स्टँडवरचा टांगेवाला होता तो. एक प्लेट भजी आणि चहावर बाप व्हायला तयार झालेला. मला हसू आवरेना, आणि तो पोरगा भिंतीला तोंड करून हुंदके द्यायला लागला. माझं हसू तिथंच थांबलं. टांगेवाला बिचारा घाबरून म्हणाला, "बाई, पोरगं लई गयावया करत हुतं. म्या म्हटलं, आपल्या अंगठ्यानं कुणाचं भलं हुतंय तर हू दे की."

खऱ्या बापाला बोलावून घेतलं. तणतणतच आला. आमच्या सर्जनसाहेबांनी जास्त बोलणं केलंच नाही, पोराला फक्त स्वेटर काढायला सांगितलं. बापानं आपला मुलगा उघड्या अंगानं किती वर्षांत बघितला नव्हता कोण जाणे. आता हा तोंडात मारतोय की काय म्हणून मी पुढं झाले. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, पोराच्या अंगाभोवती गुंडाळलं आणि म्हणाला, "कुठं करायची सही?" सगळेच बाप असे असते तर मला एवढं तोंड चालवावं लागलं नसतं.

पण मला सांगायचंय ते शालनचं. नाव बदललंय, गावाचं नाव तर सांगतच नाही. गडहिंग्लजच्या पुढं, जिथं मराठी आणि कानडी एकाच चुलीवर शिजतात, त्या बाजूचं समजा.

शालन सोळा वर्षांची. उसाच्या वाड्याचा, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचा, भारा उचलताना जांघेत कळ आली म्हणून आणलेली. दोन्ही जांघांत सुपारीएवढ्या गाठी. ओपीडीतल्या नव्या डॉक्टरनं परकरावरूनच चाचपून 'अंतर्गळ', म्हणजे हर्निया, लिहिलं आणि पाठवून दिलं माझ्या वॉर्डात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटची तयारी करायची ती आम्ही. शालन परकराची नाडी दोन्ही हातांनी धरून बसली, काही केल्या सोडेना. समजावलं, दटावलं, शेवटी पडदा ओढून तिच्याजवळ नुसती बसून राहिले. मग तिनंच डोळे मिटून हात काढले.

मी बघितलं, आणि नीट पांघरूण घालून सरळ सर्जनसाहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, "साहेब, उद्याची ती केस थांबवा. तो अंतर्गळ नाही."

साहेब वऱ्हाडातले, माणूस हुशार आणि हाताला गुण असलेला. त्यांनी तपासलं, गालाच्या आतून खरवडून घेतलेला नमुना मुंबईला पाठवला. साध्या भाषेत सांगायचं तर असं, की मूल जन्मलं मुलगा म्हणूनच, पण बाहेरचे अवयव नीट घडले नव्हते. गाठी खाली उतरायच्या त्या वरच राहिलेल्या, लघवीची वाट भलतीकडं. सुईणीनं चिमणीच्या उजेडात बघितलं आणि पोरगी झाली म्हणून सांगितलं. त्यात तिचाही काय दोष?

आता हिला ठेवायचं कुठं? बायकांच्या वॉर्डात कुजबुज सुरू झाली होती. पुरुषांच्या वॉर्डात परकर-पोलक्यातलं पोर कसं ठेवू? जादा गाद्या ठेवायची एक खोली होती, ती झाडून घेतली आणि तिथं कॉट टाकली. त्याआधी असंच एक पोर आमच्याकडं आलं होतं. ते वॉर्डात सगळ्यांच्या नजरा झेलत राहिलं, आणि चौथ्या दिवशी घरच्यांनी गुपचूप उचलून नेलं. त्याचं पुढं काय झालं, कुणाला कळलं नाही. ते मला आजही खुपतं. म्हणून हिच्या खोलीची किल्ली मी माझ्या कमरेला लावून ठेवली होती.

शालनबरोबर दोघं होती. आई गौरव्वा, नवरा गेलेली, कमी बोलणारी बाई. शालन तिला अव्वा म्हणायची. आणि गौरव्वाचा धाकटा भाऊ मल्लू, पंचवीस-सव्वीसचा, उंचापुरा, बोलायला लागला की शेजारच्या वॉर्डात ऐकू जावं असा आवाज. बहिणीची शेती हाच बघायचा. भाचीला दूध, मोसंबी, पेढे, काही विचारू नका. मला वाटलं, काय माया आहे मामाची! एक दिवस गौरव्वानं हळूच सांगितलं, "शिस्टर, पोरगी तम्मालाच दिलेली हाय. पाळण्यातच बोली झालीया. न्हाण आलं की अक्षता टाकायच्या, एवढंच ऱ्हायलंय."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. त्या भागात बहिणीची मुलगी करायची रीत आहे. मामा थांबला होता, ती शहाणी व्हायची वाट बघत. घरात दुसरा कर्ता पुरुष नाही. म्हणजे मुलीचा पालक तोच, आणि ठरलेला नवराही तोच! मी कपाळावर हात मारला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

हे मी सांगेपर्यंत साहेबांना धीर कुठला? मुंबईचा निकाल आला तसं त्यांनी दोघांना खोलीत बोलावलं आणि सुरुवातच अशी केली, "अभिनंदन! तुमच्या घरात मुलगा आहे!" वऱ्हाडात मामानं भाची करायची रीत नसावी. मी टेबलाखालून त्यांच्या बुटावर पाय दिला, पण बाण सुटला होता. गौरव्वानं पदर तोंडात कोंबला. मल्लू काही न कळल्यासारखा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला.

मग साहेबांनी सगळं नीट सांगितलं. वाटा दोन होत्या. गाठी खाली आणून जागेवर बसवायच्या, लघवीची वाट दोन-तीन ऑपरेशनांत दुरुस्त करायची. मग पोर पुरुष म्हणून जगेल. नाहीतर गाठी काढून टाकायच्या, बाकीचं बाईसारखं करून द्यायचं, कायम औषध घ्यायचं. बाई म्हणून राहील, पण मूल होणार नाही. एकदा गाठी काढल्या की माघार नाही. आणि साहेबांची बदली झालेली. पहिलं ऑपरेशन ते जायच्या आत, पुढची मिरजेला त्यांचे मित्र करणार होते. ते गेल्यावर आमच्याकडं यात हात घालणारं कुणी नव्हतं.

गौरव्वा म्हणाली, "मी काय सांगू? तम्मा म्हणंल तसं."

मल्लूनं घसा खाकरला. "दुसरी वाट करा, सायेब. पोरगी हाय ती पोरगीच ऱ्हावू दे. मी करतो की लगीन तिच्यासंगं. पोर न्हाय झालं तर न्हाय झालं. शब्द दिलाय, मी टाकणार न्हाय तिला. आणा तो कागद."

दुसरा कुणी असता तर फसवलं म्हणून भांडला असता, सोयरीक मोडून चालता झाला असता. हा आपलं सगळं आयुष्य ओवाळून टाकायला निघाला होता. मला त्याचं कौतुकही वाटलं आणि अस्सा राग आला म्हणता! त्यानं टेबलावरचं पेन उचलून टोपण काढलंसुद्धा. मी कागदावर हात ठेवला.

"थांबा की, पावणं. जिचं अंग आहे तिला विचारलं का?"

"पोरीला काय इचारायचं? पोरीला इचारून कोण करतंय?"

"मी करते. माझ्या वॉर्डात मी करते. तिला विचारा, मग खुशाल दोन सह्या करा."

साहेब म्हणाले, "सिस्टर, कायद्यानं पालकाची सही पुरते." मी म्हटलं, "कायद्याला पुरते साहेब, पण त्या अंगात जगायचंय तिला." साहेबांनी पेन मल्लूच्या हातातून घेतलं आणि आपल्या खिशाला लावलं. भला माणूस.

खरं म्हणजे मला उत्तर आधीच ठाऊक होतं. दुपारच्याला वॉर्डात काम कमी असलं की आम्ही मागच्या व्हरांड्यात गॉजच्या घड्या घालत बसायचो. पेशंटही मदतीला यायचे. शालनचा हात त्यात चांगला बसला होता. घड्या घालता घालता ती एकदा म्हणाली होती, "शिस्टर, मला लहानपणापास्नं ठावं हाय. मी पोरगी न्हाय. पर सांगू कुणाला?"

"मग आता सांग की घरच्यांना."

"मामा माझ्यासाठी थांबलाय. चांगल्या चांगल्या पोरींची स्थळं परत धाडली त्यानं. मी असं बोललो तर गावात त्याचं हसं हुईल."

'बोललो' म्हणाली आणि जीभ चावली. मी ऐकलं नाही असं दाखवून पुढची घडी घातली.

आता मल्लूला मी त्याच व्हरांड्यात नेलं, शालनसमोर बसवलं आणि गॉजचा गठ्ठा दोघांच्या मध्ये ठेवला. माणसाला तोंडाकडं बघून बोलता येत नाही, पण हाताला काम असलं की बोलता येतं. हा माझा अनुभव. मी दाराशी उभी राहिले. निघून जायला हवं होतं, पण पाय निघेना.

मल्लूला घडी काही जमेना. उसाच्या कामाचे ते राकट हात. शेवटी शालननं त्याच्या हातातलं कापड काढून घेतलं. तो म्हणाला, "हे बघ, तू काय बी भ्या धरू नको. हाय तशी मी तुला नांदवीन. कुणाची टाप न्हाय बोलायची."

शालन घडीकडं बघतच म्हणाली, "मामा, मला न्हाय नांदायचं."

"मी काय कमी केलं तुला?"

"तू काय बी कमी न्हाय केलंस. तूच चांगला हाईस म्हणून तर तोंड उघडंना माझं." आणि मग एकदम धरणाचं दार उघडल्यासारखं, "मला परकर नको, बांगड्या नको, न्हाण बी नको. मला तुझ्यासारखं मोट मारायची हाय, औत धरायचं हाय. मी पोरगा हाय मामा! त्या गाठी काढू नको त्यास्नी सांग. तुझ्या पाया पडतो."

मल्लूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं ते पुसलं नाही. उठला, पटका काखेत मारला आणि जिना उतरून चालता झाला. कुणाकडं बघितलं नाही. शालननं माझ्याकडं बघितलं. म्हटलं, "येतील." पण मला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं.

त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साहेबांचं सामान बांधून झालेलं. गौरव्वाला म्हटलं, "बाई, तू आई आहेस, तुझा अंगठा चालतो." तर म्हणाली, "तम्माच्या माघारी अंगठा लावला तर माझं माहेर तुटलं, शिस्टर. बा थकलाय, पाठीराखा त्योच एक हाय मला." चिडले मी. वाट्टेल ते बोलले. शालननं जेवण सोडलं होतं. मी पिठलं-भात घेऊन गेले तर ताट सरकवून दिलं. वाटलं, आता हेही पोर उचलून नेणार.

तिसऱ्या दिवशी राउंड चालू असताना जिन्यावर तो आवाज ऐकू आला. "शिस्टर! कुठं हाय तो कागद?" मल्लू. डोळे लाल, दाढी वाढलेली, पायांवर धुरळा.

मी भडकलेच. "कुठं होता हो तुम्ही? इथं पोरानं अन्न सोडलंय!"

"गावाकडं गेलतो," तो म्हणाला. "पंचांस्नी बसवलं, माझ्या बाच्या म्होरं, देवीच्या पारावर. पाळण्यातली बोली माझ्या तोंडानं मोडली. सुपारी देवीच्या पायाशी परत ठेवली. का म्हणून इचारलं, तर सांगितलं, दोष माझा न्हाय आणि पोराचा बी न्हाय. बा लई बोलला. बोलू दे."

"अहो, पण आधी सही करून मग गेला असता तर?"

माझ्याकडं त्यानं असं बघितलं की जणू एवढी शिकलेली बाई आणि हिला एवढं कळू नये! "परवा सही केली असती तर ती नवऱ्याची झाली असती, शिस्टर. नवऱ्यानं असल्या कागदावर कशी सही करायची? आता मी निस्ता मामा हाय. आणा."

मी इतकी वर्षं सह्या घेतल्या, घाईच्या घेतल्या, रडतरडत दिलेल्या घेतल्या, फसवून दिलेल्या पकडल्या. पण सही करायला लायक व्हावं म्हणून पायपीट करून येणारा माणूस मी तो एकच बघितला. कागदाखाली त्यानं अक्षर अन् अक्षर कोरून नाव लिहिलं. मग मला न विचारताच पेन शालनपुढं धरलं. "तू बी कर." त्या कागदावर पेशंटच्या सहीला जागाच नव्हती. मी म्हटलं, "कर, बाजूला कर. बघू कोण काय म्हणतंय." आणि शालननं समासात सही केली, नुसतं आडनाव. पहिलं नाव तिला, म्हणजे त्याला, अजून सुचायचं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. सोपं नव्हतं. ताप आला, एक टाका पिकला, लघवीच्या नळीनं पोराला रडवलं. पुढं मिरजेच्या दोन फेऱ्या व्हायच्या होत्या, आणि साहेबांनी जाताना स्पष्ट सांगितलं होतं की सगळं अगदी दुसऱ्यासारखं होईलच असं नाही. तरी पोरगं खुशीत. केस कापायला न्हावी बोलावला तेव्हा गौरव्वा कोपऱ्यात तोंड फिरवून बसली. कापलेली वेणी तिनं उचलून पिशवीत ठेवली. तिची लेक गेलीच होती की, कितीही चांगलं झालं म्हटलं तरी.

नाव त्यानंच ठरवलं, दत्तू.

घरी सोडलं त्या दिवशी माझी सुट्टी होती. मला कसबा बावड्याला बहिणीकडं जायचं होतं, म्हणून स्टँडपर्यंत त्यांच्याबरोबर गेले. गौरव्वा म्हणत होती, "तम्मा, तिन्हीसांजेच्या गाडीनं जाऊया. अंधार पडल्यावर घरात शिरलेलं बरं." मल्लू म्हणाला, "आपुन काय चोरी केलीया? दुपारच्या गाडीनं जायचं. बाजाराचा वार हाय, समदं गाव असंल गाडीला. एकदाच काय ते बघू द्या."

आणि होतंच समदं गाव. पाट्या, करंड्या, कोंबड्या. दत्तू मल्लूच्या पांढऱ्या पायजमा-शर्टात, बाह्या दुमडलेल्या, मान खाली. एक बाई त्याच्याकडं टक लावून बघत पुढं आली. तिनं ओळखलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. पण गावची बाई, विचारल्याशिवाय राहते थोडीच?

"व्हय रं मल्लू, ह्यो कुणाचा म्हणायचा पोरगा?"

गौरव्वानं माझा हात घट्ट धरला. सगळी गाडी कान टवकारून बसलेली. मल्लूनं टपावर चढवायची ट्रंक खाली ठेवली.

"भाचा हाय माझा," तो म्हणाला, साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असं. "अक्काचा."

"आता गं बया! गौरव्वाला पोरगा कवा झाला?"

"झाला की. हितंच, मोठ्या दवाखान्यात. जरा उशीर लागला, एवढंच."

मल्लूनं ट्रंक उचलून टपावर दिली, हात झटकले आणि दत्तूच्या पाठीत एक धपका घातला.

"चढ की रं. जागा धर तुझ्या अव्वाला."